बाळ बारीक आहे म्हणजे सिझर ठरलंच का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बहिणीचं पहिलंच बाळंतपण, सासर सुरतला, सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी अमळनेर तालुक्यात आणलं, आता ३५ आठवडे झालेत आणि परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन १८०० ग्रॅम आलं, खाली लिहिलंय 'ग्रोथ रिस्ट्रिक्शन' म्हणजे वाढ खुंटलेली, नाळेच्या डॉप्लरचा (रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीचा) पीआय वाढलेला, बाळाभोवतीचं पाणी ठीक. डॉक्टर म्हणाल्या ३७ आठवड्यांना अॅडमिट करून कळा सुरू करू पण सिझरची मनाची तयारी ठेवा. झालं, घरात दोन पार्ट्या पडल्या. तुमची आई म्हणते बाळ बारीक तर उलट सहज सुटका होईल, आणि बहिणीच्या सासरकडचे फोनवरून सांगतायत की डॉक्टरला बिल वाढवायचंय. आणि तुम्हाला आकडा हवाय, की सिझरची शक्यता नक्की किती.

एकच आकडा सांगून मोकळं होता येत नाही यात, कारण 'बारीक बाळ' या दोन शब्दांत तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि प्रत्येकीचा सिझरशी संबंध वेगळा. वीस-बावीस वर्षं इथेच बाळंतपणं करतेय, तुमच्या घरातलं हे भांडण मी आठवड्यातून एकदा तरी ओपीडीत ऐकते.

आधी तुमच्या आईचं. त्या अर्ध्या बरोबर आहेत. बाळ लहान असलं की डोकं ओटीपोटाच्या हाडांत अडकायची भीती कमी, म्हणजे 'बाळ अडलं' म्हणून जे सिझर होतं ते इथे सहसा होत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका शेवटच्या दोन महिन्यांत सुनेला कमी जेवायला सांगतात ना, बाळ फुगेल आणि अडेल म्हणून, ते याच हिशोबातून आलंय (हे अजिबात करू नका, दादरची भाकरी आणि वरण पोटभर खाऊ द्या तिला). पण बारीक बाळाचा प्रश्न दारातून जायचा नसतोच. त्याचा प्रश्न दमाचा असतो, दारापर्यंत पोचायला जे आठ-दहा तास लागतात तेवढे तास ते तग धरेल का हा. अशा बाळांचं सिझर होतं ते बहुतेक वेळा बाळाच्या हृदयाचे ठोके पडले म्हणून होतं.

आता हा दम म्हणजे काय ते नीट सांगते, कारण सगळं यावरच आहे.

तुमच्या भागात ठिबक सगळ्यांच्या शेतात आहे म्हणून तेच उदाहरण घेते. नळ्यांमध्ये क्षार साठले की काय होतं, पंप तोच, विहिरीला पाणी तेवढंच, पण शेवटच्या झाडाला थेंब पोचत नाही आणि इकडे पंपाजवळच्या गेजचा काटा मात्र वर चढतो. वार (प्लॅसेंटा) म्हणजे असंच बारीक बारीक नळ्यांचं जाळं असतं. आईच्या बाजूच्या रक्तवाहिन्या पहिल्या चार-पाच महिन्यांत नीट रुंद झाल्या नाहीत, किंवा आईचं बीपी वाढलं, सिकलसेलचा आजार असला, तंबाखू-मिश्रीची सवय असली, की वारेचा काही भाग कामातून जातो. बाळाचं हृदय नाळेतून वारेकडे रक्त ढकलतंय आणि पुढे अडथळा, तो अडथळा सोनोग्राफीवर जो आकडा दाखवतो तोच पीआय. म्हणजे पीआय वाढला याचा अर्थ गेजचा काटा चढलाय, बाळाला रक्त मिळणं बंद झालेलं नाही. अडथळा अजून वाढला की हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे पुढे जाणारा प्रवाह थांबतो आणि फारच वाढला तर उलटा फिरतो, ती मात्र वेगळीच गोष्ट, तिच्यावर खाली येते.

आणि कळ आली की काय होतं. गर्भपिशवी म्हणजे स्नायू, आणि वारेकडे जाणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्या त्या स्नायूतूनच जातात, स्नायू आवळला की त्या दाबल्या जातात. म्हणजे प्रत्येक कळेला चाळीस-पन्नास सेकंद, कधी मिनिटभर, बाळाचा पुरवठा जवळजवळ बंद. धट्टंकट्टं बाळ हा मिनिट शिलकीवर काढतं, त्याला कळतही नाही. ज्याची शिल्लकच कमी आहे त्याचे ठोके कळ संपत आली की खाली जातात आणि उशिरा वर येतात. दोन कळांच्या मधे पुरेसा वेळ मिळाला तर ते पुन्हा सावरतं, नाही मिळाला तर प्रत्येक कळेला थोडं थोडं मागे पडत जातं. पाणीही कमी असेल तर त्यात नाळ दाबली जायची भर.

म्हणून सिझरची शक्यता बाळाच्या वजनावर फारशी नसते, शिल्लक किती आहे, पिशवीचं तोंड किती तयार आहे, आणि कळा चालू असताना बाळाच्या ठोक्यांच्या पट्टीवर नजर ठेवायला कोण बसलंय यावर असते.

आता तुमच्या रिपोर्टकडे. इथे मला एक खटकतंय. ३५ आठवडे हे कशावरून धरलेत? तुम्ही लिहिलंय की पाळीची तारीख तिला नक्की आठवत नाही आणि पहिली सोनोग्राफी सुरतला झाली होती, फाईल तिकडेच राहिली. भाऊ, ही फाईल सगळ्यात महत्त्वाची आहे. ११ ते १४ आठवड्यांत जी सोनोग्राफी होते त्यात बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात आणि त्यावरून निघालेले दिवस सगळ्यात भरवशाचे, चार-पाच दिवसांचाच काय तो फरक. नंतरच्या सोनोग्राफीत बाळ जेवढं दिसतं त्यावरून दिवस काढले की गोल गोल फिरणं होतं. जो तक्ता आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये असतो त्याच्यावर १८०० ग्रॅम हे ३५ आठवड्यांना तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली येतं, म्हणजे शंभर बाळं वजनाने ओळीत उभी केली तर शेवटच्या तिघांत. पण खरे दिवस ३३ असतील तर हेच १८०० ग्रॅम दहाव्याच्या आसपास बसतं, म्हणजे काठावरचं. दोन आठवड्यांच्या चुकीने बाळ आजारी ठरतं किंवा ठणठणीत. वर सोनोग्राफीतल्या वजनात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतंच, कितीही भारी मशीन असो, म्हणजे तुमचे १८०० हे साडेपंधराशेही असू शकतात आणि दोन हजारांच्या थोडं वरही.

अजून एक, सगळी बारीक बाळं आजारी नसतात. आई चार फूट नऊ इंच, लग्नाच्या वेळी चाळीस किलो, बापही काटक, मग बाळ साडेतीन किलोचं कुठून येणार? असं बाळ दर दोन आठवड्यांनी आपल्या रेषेवर शिस्तीत वाढत असतं, डॉप्लर छान, पाणी छान. आम्ही त्याला नुसतं लहान म्हणतो, वाढ खुंटलेलं म्हणत नाही. कोणता तक्ता वापरायचा यावर आम्हा डॉक्टरांतही वाद आहेतच, आठ देशांतल्या बाळांवरून जो आंतरराष्ट्रीय तक्ता २०१४ साली आला त्यातलं भारतातलं केंद्र नागपूर होतं, काही जण तो वापरतात, काही जुनाच. तर अशा नुसत्या लहान बाळाचं सिझर फक्त वजन बघून केलं तर मी त्याला चूक म्हणेन.

आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. नवीन होते तेव्हा. ३७ आठवडे, बाळ बारीक म्हणून रिपोर्ट, पाण्याचा आकडा पाचच्या काठावर, डॉप्लर करायला मशीन नव्हतं आणि रात्रीची भुलीचे डॉक्टर मिळायची मारामार, म्हणून दुपारीच सिझर करून टाकलं. बाळ निघालं दोन किलो सातशे, खणखणीत रडलं, पाणीही भरपूर होतं. घरचे पेढे घेऊन आले आणि मला मात्र त्या बाईचा टाका बघून कसंतरी होत होतं, कारण दुसऱ्या खेपेला तिला आणि मला दोघींनाही तो टाका धरूनच चालावं लागलं. तेव्हापासून मी पाणी चार कप्प्यांची बेरीज करून मोजत नाही, सगळ्यात खोल एकच कप्पा मोजते, दोन सेंटिमीटरच्या वर असला तर पाणी पुरेसं. बेरजेच्या पद्धतीने 'पाणी कमी' हा शिक्का जास्त बायकांना बसतो आणि त्यातून कळा सुरू करणं आणि सिझर दोन्ही वाढतात, बाळांचा फायदा मात्र काही दिसत नाही, हे आता बऱ्यापैकी सिद्ध झालंय.

बरं, समजा सुरतची फाईल आली आणि दिवस ३५च निघाले. मग तुमच्या बहिणीचं बाळ खरंच वाढ खुंटलेल्यांत येतं आणि पीआय वाढलेला आहे, प्रवाह मात्र पुढेच जातोय. अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेले ३७ आठवडे अगदी योग्य आहेत, मीही तेच सांगितलं असतं. तोवर आठवड्याला किमान एकदा डॉप्लर, एक-दोनदा एनएसटी म्हणजे ठोक्यांची पट्टी, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन, कारण या बायकांचं बीपी शेवटच्या महिन्यात अचानक चढतं. आणि घरी बाळाची हालचाल रोज बघायची, कमी वाटली तर सकाळची वाट न बघता निघायचं.

३७ला कळा सुरू केल्या तर सिझर वाढतं का, हा बहिणीच्या सासरकडच्यांचा खरा मुद्दा. नेदरलँड्समध्ये यावर एक चांगला अभ्यास झालाय, २०१० साली छापून आला. ३६ आठवड्यांच्या पुढच्या ६५० बायका, सगळ्यांची बाळं बारीक असल्याचा संशय, निम्म्या जणींना कळा सुरू केल्या आणि निम्म्यांना देखरेखीत थांबवलं. सिझर दोन्हीकडे १४ टक्क्यांच्या आसपास, फरकच नाही. बाळांना त्रासही दोन्हीकडे जवळपास सारखाच, कळा सुरू केलेल्यांची बाळं दहा दिवस आधी आली आणि १३० ग्रॅमनी कमी भरली एवढंच. आता हे १४ टक्के तसेच उचलून अमळनेरला लावू नका, त्यांच्याकडे सिझरचं प्रमाण मुळातच कमी आणि प्रत्येक खाटेशेजारी सुईण बसलेली. पण यातून एवढं नक्की कळतं की कळा सुरू करणं हे काही सिझरकडे ढकलणं नाही. शंभरातल्या ऐंशीच्या वर बायका तिथे खालूनच बाळंत झाल्या, बारीक बाळं घेऊन.

कळा कशाने सुरू करतात तेही विचारून ठेवा. मी अशा बाळांत फोलीचा फुगा वापरते, लघवीची नळी असते ना तीच, पिशवीच्या तोंडातून आत सरकवून फुगा पाण्याने भरायचा, तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडलं की आपोआप गळून पडतो. गोळीनेही काम होतं, पण गोळीने कधी कधी कळांवर कळा येतात, दहा मिनिटांत सहा-सात, आणि मधे श्वास घ्यायला जागाच राहत नाही. धट्ट्या बाळाला ते चालून जातं, शिल्लक कमी असलेल्याला नाही. फुग्याला वेळ लागतो, घरचे कंटाळतात, 'सकाळपासून नुसती नळी लावून ठेवलीय' म्हणतात, म्हणू देत.

गेल्या पावसाळ्यातल्या दोघी सांगते, म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल.

पहिली चोपड्याकडची. ३७ आठवडे, अंदाजे वजन १९००, तुमच्या बहिणीसारखाच पीआय वाढलेला, प्रवाह ठीक. संध्याकाळी सहाला फुगा टाकला. रात्री दोनला तो गळून पडला, मग हळूहळू कळांचं सलाईन, अगदी थेंब थेंब. साडेचारला पट्टीवर ठोके १४० वरून शंभरावर उतरायला लागले. सिस्टर माझ्याकडे बघतेय, मी पट्टीकडे. सलाईन बंद केलं, तिला डाव्या कुशीवर वळवलं, साधं सलाईन जोरात सोडलं, ऑपरेशन थिएटरला फोन करून तयारी ठेवायला सांगितली आणि पंधरा मिनिटं तिथेच स्टुलावर बसून राहिले. ठोके सावरले. दोन ठोक्यांमधली जी बारीक थरथर असते पट्टीवर, करवतीच्या दातांसारखी, ती पूर्ण वेळ टिकून होती म्हणूनच मी थांबले, नाहीतर नसते थांबले. बाहेर तिची आजी बसलेली, दर अर्ध्या तासाने दार ढकलून विचारायची, "मॅडम, नॉर्मल व्हई जाई ना?" सहा वाजून दहा मिनिटांनी झालं, १८६० ग्रॅम, एवढंसं तोंड पण आवाज केवढा.

दुसरी सातपुड्यातून आलेली, धडगावच्या वरची, चांदसैली घाट उतरून. पाऊस चालू होता, घाटात दरड आली की रस्ताच बंद, त्यामुळे तिला दोन दिवस आधीच बोलावून ठेवली होती. ३६ आठवडे, वजन १६००च्या आसपास, बीपीही चढलेलं. हिलाही फुगाच टाकला कारण प्रवाह अजून पुढे जात होता आणि प्रयत्न करून बघण्यासारखं होतं. दोन तासांत कळा यायला लागल्या, मोजून चार कळा झाल्या असतील, चारही कळांनंतर ठोके नव्वदवर आणि वर यायला दीड मिनिट, आणि मधली रेघ सपाट, करवतीचे दात गेलेले. कूस बदलली, सलाईन दिलं, काही उपयोग नाही. पाचव्या कळेची वाट बघितली नाही. सिझर केलं, बाळ १५८० ग्रॅम, थोडं उशिरा रडलं पण रडलं. वार बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली तर छोट्या बशीएवढी, कडेने पांढरट घट्ट डाग, बोटाने दाबलं तर भरड लागत होतं, नाळ करंगळीपेक्षा बारीक. ती वार मी तिच्या नवऱ्याला बोलावून दाखवली. त्याने काही विचारलं नाही, नुसती बघितली आणि मान हलवली.

दोघींचे रिपोर्ट आदल्या दिवशी शेजारी शेजारी ठेवले असते तर तुम्हाला काय, मलाही छातीठोक सांगता आलं नसतं की कोणाचं काय होणार. म्हणून तुमच्या डॉक्टर 'तयारी ठेवा' म्हणतायत, त्यात लपवाछपवी नाही.

आता ती वेगळी गोष्ट. नाळेतला प्रवाह मधेच थांबलेला किंवा उलटा फिरलेला असेल, तर मात्र कळांची परीक्षा घ्यायची नसते, तिथे जवळपास सगळेच डॉक्टर थेट सिझर करतात आणि ते बरोबर आहे. प्रवाह थांबला असेल तर साधारण ३३-३४ आठवड्यांना, उलटा असेल तर ३०-३२ला, आणि बाळ त्याआधीच खालावलं तर त्याच्याही आधी. त्याआधी फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं, ३२च्या आत असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम. अशी केस तालुक्याच्या ठिकाणी करूच नये, जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे तिथेच, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारची सरकारी मेडिकल कॉलेजं किंवा तशी सोय असलेलं खाजगी. पोटातलं बाळ हीच सगळ्यात चांगली अॅम्ब्युलन्स, बाळ बाहेर आल्यावर पेटीत घालून पळवण्यापेक्षा आईलाच आधी हलवा. इतक्या लवकरच्या सिझरमध्ये पिशवीचा खालचा भाग तयार नसतो म्हणून कधी उभा छेद घ्यावा लागतो, तसा घेतला असेल तर पुढच्या प्रत्येक वेळी सिझरच, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर छेद कोणता ते लिहून घ्या. तुमच्या बहिणीची ही वेळ आज नाही, पण पुढच्या डॉप्लरमध्ये हे शब्द आले तर माझ्या उत्तराचा वरचा सगळा भाग बाजूला ठेवा.

पैशाचं बोलू. बहिणीच्या सासरकडच्यांचा संशय हवेतला नाही, हे मी डॉक्टर असून कबूल करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ची, देशात खाजगी दवाखान्यात ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आणि सरकारीत १४.३ टक्के, महाराष्ट्राचं एकूण २५.४. यातला काही फरक अवघड केसेस आणि मागून घेतलेल्या सिझरमुळे असेल, पण सगळा त्यामुळे आहे असं मीही म्हणणार नाही. पण संशय घ्यायचा तर योग्य ठिकाणी घ्या. वजन कमी म्हणून उद्याच सिझर, डॉप्लर न करता, तर जरूर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. इथे मात्र तुमच्या डॉक्टर खालून प्रयत्न करू म्हणतायत, रात्रभर पट्टी बघायची तयारी दाखवतायत, त्यांना सिझरच करायचं असतं तर तारीख देऊन मोकळ्या झाल्या असत्या, त्यात त्यांची झोपही वाचली असती. आणि खर्च झेपत नसेल तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, येण्याजाण्याची गाडी सगळं मोफत आहे, बाळाचा उपचारही, २०११ पासून ही योजना चालू आहे. त्यात कमीपणा काही नाही, उलट बारीक बाळासाठी एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग तिथेच मिळतो.

डॉक्टरांना 'नॉर्मल होईल का' हे विचारून उपयोग नाही, त्याला त्या काय बोलणार बिचाऱ्या. त्यापेक्षा हे विचारा की रात्री दोन वाजता ठोके पडले तर किती वेळात सिझर सुरू होईल, भुलीचे डॉक्टर कुठून येतात, रक्ताची सोय कुठे, बाळाचे डॉक्टर जन्माच्या वेळी हजर असतील का. कळा चालू असताना पट्टी सतत चालू राहणार का की तासाने एकदा लावणार. याची उत्तरं गुळमुळीत आली तर कळा तिथे सुरू करू नका, जळगाव किंवा धुळे गाठा. मी स्वतः माझ्या भाचीचं केलं असतं तर हेच बघितलं असतं, दवाखान्याची फरशी नाही.

घरी काय करायचं हेही विचारलंत. अमिनो अॅसिडची सलाईनं लावून बाळाचं वजन वाढतं हे आपल्याकडे फार चालतं, रोज एक बाटली, दहा दिवस. त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही, ज्या नळ्या बंद आहेत त्यात वरून कितीही खत सोडलं तरी झाडाला कसं पोचणार. प्रोटीन पावडरचंही तेच, घरचं खाणं कमी पडत असेल तर खाणं वाढवा, शेंगदाणे, अंडी, डाळी, दूध, डबे नकोत. दिवसभर अंथरुणावर पडून राहणं नको, त्याने पायात गुठळ्या व्हायची भीती वाढते, फक्त झोपताना पाठीवर सरळ झोपू नये. लोहाची गोळी चालू ठेवा, हिमोग्लोबिन आत्ताच बघून घ्या, सिझर झालंच तर ८ वर करणं आणि ११ वर करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिश्री लावत असेल तर आजपासून बंद, याला मी सूट देत नाही. आणि चुलीच्या धुरात तिला बसवू नका.

अॅस्पिरिनबद्दल कोणीतरी सांगितलंय तुम्हाला, आता ३५ला सुरू करून फायदा नाही. ते पुढच्या खेपेला, १२ आठवड्यांच्या आसपासच सुरू करायचं असतं, तेव्हा नव्या डॉक्टरला या बाळाची गोष्ट आधी सांगायची.

बाळ खालून येवो की वरून, पहिले दोन दिवस त्याचे खरे. अशा बाळांच्या अंगात चरबी नसते आणि साखरेचा साठा नसतो, म्हणून ते गार पडतं आणि साखर उतरते, आणि साखर उतरलेलं बाळ रडत नाही तर गप्प झोपून राहतं, घरचे म्हणतात किती शहाणं आहे. दर दोन तासांनी पाजायचं, झोपलं असलं तरी उठवून. साखर तपासायला टाचेला टोचतील, ओरडू नका. आईच्या छातीवर उघड्या अंगाने बांधून ठेवायचं, वरून शाल, आई दमली तर आजी किंवा बापानेही धरलं तरी चालतं. मध-घुटीचं बोट अजिबात नाही. आंघोळीची घाई नाही, वजन वाढायला लागेपर्यंत पुसून घ्या.

आता सगळ्यात आधी ती सुरतची फाईल. मेव्हण्यांना सांगा पहिल्या सोनोग्राफीच्या पानाचा फोटो काढून आजच पाठवा, कपाटात नसेल तर तिथल्या सेंटरवाल्यांकडे नोंद असते, नावावर आणि तारखेवर काढून देतात, आणि कागदच हवे असतील तर भुसावळकडे येणाऱ्या गाडीत कोणाच्या तरी हातात दिले तर अमळनेर स्टेशनवर उतरवून घेता येतील. ते पान तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यावरून दिवस पुन्हा मोजायला लावा. दिवस ३३ निघाले तर ३७ची तारीख दोन आठवडे पुढे जाते आणि कदाचित निदानही बदलतं, ३५च निघाले तर पुढच्या सोमवारी डॉप्लर चुकवू नका.